वाघाड, वाघेरा, वाघदर्डी : नाशिकच्या वाघाचे काय झाले?

नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर वाघ किमान तीन ठिकाणी सापडतो. दिंडोरी तालुक्यातले वाघाड धरण, त्र्यंबकेश्वर तालुक्यातला वाघेरा किल्ला आणि मनमाडला पाणी पुरवणारे वाघदर्डी. नकाशाबाहेर मात्र तो नाही. पट्टेदार वाघ पाहण्यासाठी नाशिकचे कुटुंब सुमारे सातशे किलोमीटर प्रवास करून चंद्रपूर गाठते, पहाटेच्या अंधारात ताडोब्याच्या मोहर्ली दरवाजासमोर जिप्सीत कुडकुडत बसते आणि दैवाने साथ दिली तर तळ्याकाठी पहुडलेली एक वाघीण पाहून धन्य होते. आजोबा-पणजोबांच्या गावाच्या नावातच वाघ होता, हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानी येत नाही.

मग नाशिकचा वाघ गेला कुठे? ‘साहेबांनी आणि संस्थानिकांनी शिकारीच्या हौसेपायी संपवला’ हे उत्तर शाळेपासून आपल्या कानांवर आहे. ते खोटे नाही, पण फार अपुरे आहे. हा धागा त्या उत्तरामागच्या इतिहासाचा.

आधी एका शब्दाचा उलगडा करायला हवा. मराठीत ‘वाघ’ हा शब्द ऐसपैस आहे. अंगावर पट्टे असलेला तो ढाण्या वाघ किंवा पट्टेदार वाघ. ठिपके असलेला तो बिबट्या वाघ. गावकरी दोघांनाही नुसते ‘वाघ’ म्हणतो. त्यामुळे जुन्या कथांत, गावांच्या नावांत आणि देवळांत भेटणारा वाघ नेमका कोणता, हे नेहमीच सांगता येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण वाटते. डोंगरातल्या गुराख्याला ती कधी वाटली नाही, कारण त्याच्या वासराचा घास दोघेही घेत.

त्या गुराख्यापासूनच आरंभ करू. आश्विन वद्य द्वादशीला नाशिक शहरात, निफाडला, येवल्याला वसुबारस असते. सुवासिनी सवत्स धेनूची पूजा करतात आणि दिवाळी सुरू होते. त्याच दिवशी पेठ, सुरगाणा, इगतपुरी या डोंगराळ पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, ठाकर आणि वारली पाड्यांवर वाघबारस साजरी होते. तिथी एकच. सपाटीवर गायीची पूजा, डोंगरात गायीला खाणाऱ्याची.

वाघदेवाचे ठाणे साधे असते. गावाच्या शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी एक लाकडी खांब नाहीतर दगड, त्यावर कोरलेले सूर्य, चंद्र, नाग आणि वाघ, आणि वर शेंदराचा थर. गुराखी घरोघर फिरून धान्य गोळा करतात, रानात स्वयंपाक करतात, देवाला नैवेद्य दाखवतात. काही ठिकाणी एक पोरगा वाघ होतो आणि बाकीचे त्याला आरडाओरडा करीत पिटाळतात. या विधीत भक्तीपेक्षा व्यवहार अधिक आहे. तुझे रान तुला, आमची गुरे आम्हाला. तुझा वाटा आम्ही आजच देऊन टाकला. मधली रेषा खांबाने दाखवली आहे. ही रेषा काही कुणी ओलांडत नसे असे मुळीच नाही. वाघ गुरे मारत होता आणि माणसे वाघाला मारत होती. तरी त्या व्यवस्थेत वाघ नाहीसाच करायचा, अशी कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती. ती कल्पना एका विशिष्ट काळी, विशिष्ट कारणाने आली. त्यासाठी डोंगर उतरून खानदेशात जावे लागेल.

खानदेशात का? कारण आजचा नाशिक जिल्हा १८६९ मध्ये आखला गेला. त्यापूर्वी मालेगाव आणि बागलाण हे तालुके खानदेशात मोडत आणि नाशिकच्या आसपासचा मुलूख अहमदनगरच्या कलेक्टरच्या अखत्यारीत होता. पेठचे छोटे संस्थान तर १८७८ मध्ये ब्रिटिश मुलखात आले आणि सुरगाण्याचे संस्थान स्वातंत्र्यानंतर. म्हणजे १८२५ साली ‘खानदेशातले वाघ’ असे कुणी लिहिले असेल, तर त्यांत आजच्या नाशिक जिल्ह्याचे वाघही आले.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा आणि त्यांच्या मागोमाग पेंढारी या मुलखातून गेले. पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला. गावे ओस पडली. गिरणा-तापीच्या खोऱ्यातली पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काळी जमीन पडीक झाली. पडीक जमिनीवर आधी गवत येते, मग बोरी-बाभळी, मग पळस. गवताबरोबर हरणे येतात, हरणांमागून वाघ. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज या पहिल्या अधिकाऱ्याला जो प्रदेश मिळाला, त्यात उजाड गावांच्या भिंतींआड वाघ राहत होते.

इथे क्षणभर थांबायला हवे. वाघ म्हणजे आदिम, अस्पर्श अरण्य, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. खानदेशातले कित्येक वाघ मात्र अस्पर्श अरण्यात राहत नव्हते. ते मोडलेल्या गावांच्या शेतांत राहत होते. त्यांची वाढलेली संख्या ही माणसांच्या एका मोठ्या आपत्तीची खूण होती. ‘पूर्वी किती वाघ होते!’ असा उसासा टाकताना हे ‘पूर्वी’ कुणासाठी कसे होते, तेही विचारायला हवे. १८२० च्या सुमारास परतून पुन्हा नांगर धरू पाहणाऱ्या कुणब्याच्या दृष्टीने वाघ हा निसर्गाचा ठेवा नव्हता. त्याच्या बैलाच्या आणि त्याच्या मधला तो शत्रू होता.

(याच काळातली एक प्रसिद्ध घटना जाता जाता. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या दरीत उतरला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले आहे. अजिंठ्याच्या ‘शोधा’ची गोष्ट सांगताना वाघाची शिकार हे केवळ निमित्त म्हणून येते. त्या दरीत वाघ होता, हीही त्या गोष्टीतली बातमीच आहे.)

कंपनी सरकारला महसूल हवा होता. महसुलासाठी लागवड आणि लागवडीसाठी सुरक्षितता. सरकारच्या लेखी या सुरक्षिततेचे दोन शत्रू होते, डोंगरातले भिल्ल आणि जंगलातले वाघ. दोघांचा बंदोबस्त एकाच माणसाच्या हाती यावा, हा योगायोग विलक्षण आहे. जेम्स औट्रम हा बाविशीतला लेफ्टनंट. १८२५ मध्ये बागलाणातल्या मुल्हेर किल्ल्यावरचे बंड मोडण्याची कामगिरी त्याने मालेगावच्या छावणीतून जाऊन पार पाडली. त्याच वर्षी त्याच्यावर भिल्लांची पलटण उभारण्याचे काम सोपवले गेले. कालपर्यंत ज्यांच्यावर सरकारने फौजा धाडल्या, त्यांनीच आता सरकारचा गणवेश घालावा, अशी ही योजना. तिच्यावर भिल्लांचा विश्वास बसणार कसा?

औट्रमने त्यांच्यासोबत वाघाची शिकार सुरू केली. माग काढण्यात भिल्लांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या खांद्याला खांदा लावून, त्यांच्याइतकाच जीव धोक्यात घालून रानात जाणारा साहेब त्यांनी प्रथमच पाहिला. पलटण उभी राहिली. १८३५ मध्ये त्याने खानदेश सोडला. तोवरच्या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या साथीदारांनी मारलेल्या वाघांची संख्या त्याच्या चरित्रात दोनशेच्या घरात दिली आहे. दोनशे! आज संपूर्ण महाराष्ट्रात वाघांची अंदाजित संख्या ४४४ आहे, ती २०२२ च्या गणनेनुसार. एका अधिकाऱ्याच्या एका कारकिर्दीत, एका जिल्ह्यात याच्या निम्म्याच्या जवळपास वाघ गेले. औट्रम पुढे १८५७ मध्ये लखनौच्या लढाईत गाजला, ‘सर’ झाला. खानदेशातल्या कीर्तीचा पाया मात्र भिल्ल पलटण आणि वाघाची कातडी या दोहोंवर उभा होता.

त्याच्या शिकारीला केवळ हौस म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते. ती राज्य बसवण्याची रीत होती. वाघ मारणारा तो नवा राजा, हे रयतेला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढच्या काळात या कामाला औट्रमसारख्या धाडसी माणसाची गरज उरली नाही; कचेरी पुरेशी झाली. वाघ, बिबट्या, लांडगा मारून त्याचा पुरावा सरकारदरबारी हजर करावा आणि बक्षीस घेऊन जावे. १८७० च्या दशकापासून या हिशेबाचे वार्षिक तक्ते देशभर तयार होऊ लागले, माणसे किती मेली, जनावरे किती मारली, बक्षीस किती वाटले. वन्यजीवांचे इतिहासकार महेश रंगराजन यांनी अशा नोंदींच्या आधारे केलेला अंदाज सर्वश्रुत आहे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. राजेरजवाड्यांची हत्तीवर बसून काढलेली छायाचित्रे आपल्याला आठवतात, कारण ती छायाचित्रे आहेत. बक्षीस घेऊन निमूट गावी परतणाऱ्या माणसाचे छायाचित्र कुणी काढले नाही. आणि तो माणूस पुष्कळदा वाघदेवाला नैवेद्य दाखवणाऱ्यांपैकीच असे, हेही लपवण्यात अर्थ नाही. देव आणि इनाम यांत त्याला विसंगती दिसत नसावी. घरात चूल पेटायची होती.

तरीही बंदुकीने वाघ कमी होतो. रान उरले असेल, भक्ष्य उरले असेल, तर तो पुन्हा वाढतो. नाशिकमध्ये तो वाढला नाही, कारण त्याच्या पायाखालचे रान गेले.

सुरगाण्याच्या उत्तरेला लागून डांगचे सागाचे जंगल. मलबारचा साग विरळ होऊ लागल्यावर मुंबईच्या गोदीला जहाजबांधणीसाठी नवे लाकूड हवे होते. १८४० च्या दशकात कंपनी सरकारने डांगच्या भिल्ल राजांकडून हे जंगल भाडेपट्ट्याने घेतले. त्या पट्ट्याची आठवण अजून जिवंत आहे. होळीपूर्वी आहव्याला डांग दरबार भरतो आणि त्या राजांच्या वंशजांना आजही सालियाना दिला जातो. सागाला सालियाना मिळाला, वाघाला काही नाही.

मग रेल्वे आली. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा-इगतपुरी हा थळ घाटाचा मार्ग खुला झाला आणि मुंबई नाशिकला लोखंडाने जोडली गेली. एका मैलाच्या रुळांखाली लाकडाचे दीड-दोन हजार स्लीपर लागत आणि ते काही वर्षांत कुजले की बदलावे लागत. शिवाय इंजिनांचे जळण, पुलांचे आणि स्टेशनांचे लाकूड, वाढत्या मुंबईचा कोळसा. १८७८ चा वन कायदा आला तो मुख्यतः हे लाकूड सरकारच्या हाती राहावे म्हणून. राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. नागली-वरईसाठी राब भाजणाऱ्या, डहाळ्या तोडणाऱ्या डोंगरकऱ्याच्या हातावर नियम आले. जंगल ‘राखीव’ झाले, पण ते वाघासाठी राखलेले नव्हते.

१८८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड, नाशिकचा खंड, प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या या ग्रंथात गहू-द्राक्षांपासून देवळांपर्यंत सगळ्याची बारकाईने नोंद आहे. वन्य प्राण्यांत वाघही आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या पश्चिम पट्ट्यात तो तेव्हा तग धरून होता. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांतले नि पहिल्या सभासदांतले कित्येक जण स्वतः शिकारी होते. प्राण्याला मारणे आणि त्याचा अभ्यास करणे या दोन गोष्टी त्या पिढीला एकाच छंदाच्या दोन बाजू वाटत.

विसाव्या शतकात जे घडले त्याला नाट्य नाही. दारणा, नांदूर मध्यमेश्वर इथे पाणी अडले, कालवे निघाले, ऊस आला. नदीकाठची गवताळ, झुडपी पट्टी शेतीखाली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली, पीकसंरक्षणाच्या नावाने बंदुकांचे परवाने मिळाले आणि सांबर-भेकरे रात्रीच्या बत्तीत टिपली गेली. भक्ष्य संपले की वाघ गुरांवर येतो आणि गुरांवर आला की विषाला बळी पडतो.

देशाला जाग आली तेव्हा फार उशीर झाला होता. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातले मेळघाट होते. नाशिकच्या वाट्याला १९८६ मध्ये आले नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य, तेही पक्ष्यांचे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यात गाळ साचला आणि त्या गाळावर पाणपक्ष्यांची दुनिया वसली. ज्या पाण्याने वाघाचे रान शेतीत बदलायला हातभार लावला, त्याच पाण्याने करकोचे आणि रोहित आणले.

मग ताडोब्यात वाघ कसा उरला? सरळ उत्तर भूगोलाचे आहे. चांद्याचे जंगल गडचिरोली, बस्तरपर्यंत पसरलेले. एक वाघ मारला गेला तर त्याची जागा घ्यायला दुसरा चालत येई. नाशिकचे जंगल म्हणजे सह्याद्रीच्या कडेची अरुंद पट्टी, आणि तिच्या मधोमध रेल्वे. दुसरे उत्तर इतिहासाचे, नि ते गमतीचे आहे. ताडोबा हे ‘महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान’ असे आपण अभिमानाने सांगतो. १९५५ मध्ये ते जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य अस्तित्वातच नव्हते. चांदा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशात होता आणि कान्हा नि ताडोबा ही दोन्ही उद्याने त्याच सरकारने त्याच वर्षी केली. वर्षभराने, १ नोव्हेंबर १९५६ ला, चांदा मुंबई राज्यात आला आणि उद्यान आयते मिळाले.

ताडोबा हे नावच मुळी एका देवाचे आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला, आणि तळ्याकाठी त्याचे ठाणे बसले, अशी कथा आहे. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली. जंगलातल्या रस्त्याकडेला जुन्या दगडी खांबांची रांग दिसते. गोंड राजांच्या काळी त्यांवरून दोर ओढून घंटांनी निरोप धाडत, असे वाटाडे सांगतात. म्हणजे हे अरण्यही रिकामे नव्हते. इथेही राजा होता, वाट होती, गाव होते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे गेल्या काही दशकांत बाहेर वसवली गेली. खानदेशात माणसे उठून गेली आणि वाघ आला. मग माणसे परतली आणि वाघ संपवला गेला. ताडोब्यात वाघ राहावा म्हणून माणसे उठली. औट्रमचे सरकार आणि आजचे वनखाते यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो पुसून टाकता येणार नाही. पण माणूस आणि वाघ एका रानात राहू शकत नाहीत, हे गृहीतक दोघांचे एकच. त्या गृहीतकाबाहेरची व्यवस्था शोधायची तर वाघदेवाच्या खांबाकडेच परतावे लागते. तो खांब फार वाघ वाचवू शकला नाही, हे मान्य करूनही.

आणि तो खांब आजही निवृत्त झालेला नाही. ढाण्या वाघ गेला, पण त्याची चाकरी बिबट्याने धरली. निफाड-सिन्नर-दिंडोरीच्या उसात त्याची पिल्ले जन्मतात आणि नाशिक शहराच्या वस्तीत तो अधूनमधून शिरतो. शहरात त्याच्यासाठी पिंजरा लागतो, बघ्यांची झुंबड उडते. पेठ-सुरगाण्यात त्याला अजून ‘वाघ’च म्हणतात आणि बारशीला नैवेद्य मिळतो.

शेवटची नोंद पूर्वेकडची. मार्च २०२१ मध्ये कन्नड-चाळीसगावच्या डोंगरातल्या अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात एक पट्टेदार वाघ टिपला गेला, कित्येक दशकांनंतर प्रथमच. यवतमाळच्या टिपेश्वरमधून तो शेते, रस्ते, रूळ ओलांडत, बहुधा रात्रीच चालत, तिथवर पोहोचला होता. त्या अभयारण्याचे पूर्ण नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य. कन्नडच्या घाटाला भिल्ल पलटणीच्या त्याच जेम्स औट्रमचे नाव आहे. घाट उतरला की चाळीसगाव, तिथून पश्चिमेला नांदगाव तालुका लागतो, आणि त्याच तालुक्यातल्या मनमाडच्या नळाला वाघदर्डीचे पाणी येते.